हनुवटी वर!

निर्वासितांच्या छावणीतली पोरं त्याला हनुवटीमामा म्हणत. ओळखपत्रासाठी फोटो काढताना त्याचा एकच हुकूम असे, "हनुवटी वर!" तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस. मनाने सरळ, पण स्वतःच्या कामाचं कौतुक निघालं की लगेच पाघळायचा.

सीमा ओलांडून आलेल्या एका बाईने त्याला हात जोडून बजावलं होतं, "दादा, लेकीचा फोटो कार्डापुरताच हं. नऊ वर्षांच्या पोरीचं लग्न लावायला निघाले होते हिचे मोठे काका, म्हणून रातोरात पळालो. अजून शोधताहेत आम्हाला."

"बिनघोर राहा, ताई."

पण फोटो असा काही उतरला, की पठ्ठ्याने मोठी प्रत काढून, फ्रेम करून छावणीबाहेरच्या आपल्या दुकानाच्या दर्शनी काचेत लावली. चांगलं काम काचेत, ही धंद्याची रीत. फोटोच्या मागे सवयीप्रमाणे पेनाने तिचं नाव आणि छावणीतला खोली नंबरही लिहिला. अक्कल गहाण टाकली, दुसरं काय!

चौथ्या दिवशी दुपारी एक उंच माणूस काचेसमोर थांबला. बराच वेळ बघत राहिला. मग आत आला.

"ही मुलगी कुठली?"

मामाला त्या बाईचं बजावणं आठवलं. "फ्रेमबरोबरच येतो तो फोटो, साहेब. कंपनीचा."

"मग फ्रेम द्या. फोटोसकट."

नाही म्हणावं तर संशय, द्यावी तर मागे पत्ता. "काच पुसून देतो," म्हणत तो आतल्या खोलीत गेला. फोटोच्या पाठीला गोंद फासून त्याने तो फ्रेमच्या पुठ्ठ्यावर दाबून चिकटवला. आता ते अक्षर कुणाच्या बापाला दिसणार नव्हतं.

माणूस फ्रेम घेऊन गेला. मामाने शटर ओढलं आणि छावणीकडे धूम ठोकली. मायलेकींना आत्ताच्या आत्ता हलवायला हवं होतं. मागे वळून पाहायचीही त्याची छाती झाली नाही.

खोलीच्या दारात पोर एकटीच बसली होती. त्याला बघताच तिने हसून हनुवटी वर केली. मग नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिचं हसू विरलं.

"मामा," ती कशीबशी म्हणाली, "मोठ्या काकांना तुम्ही आणलंत?"