मेघाने विश्वासाने सांगितलेलं

हे मी आजवर कुणाशी बोललेले नाही. नवऱ्याशी नाही, बहिणीशी नाही. देवापुढे हात जोडले आणि हे मनात आलं, की मी डोळे उघडते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही—आणि ते बरंच आहे.

पेणकरपाड्यात आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर मी ब्लाउज शिवते. मेघा वरच्या मजल्यावर आईबरोबर भाड्याने राहायची. मिरा रोडला एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती. मला मावशी म्हणायची. एका संध्याकाळी ती उजवा हात छातीशी धरून दुकानात आली. दवाखाना बंद करताना डॉक्टरने शटर आतून ओढून घेतलं होतं आणि तिच्यावर जबरदस्ती केली होती. सुटून पळताना ती पायऱ्यांवरून पडली, मनगट मोडलं. आईला सांगायचा धीर नव्हता, म्हणून आधी मला सांगितलं. सगळं. पुढे पोलिसांना जे सांगताना तिची जीभ अडखळली, तेसुद्धा.

आणि मी चांगली वागले. हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं किती घाण आहे ते कळणार नाही. मी तिला हॉस्पिटलात नेलं. पोलीस ठाण्यात शेजारी बसले. तिथे एक महिला पोलीस होती—तिने खोलीतल्या पुरुषांना बाहेर काढलं, दार लावलं, मेघाला लिंबूपाणी दिलं आणि मगच विचारायला सुरुवात केली. नंतर सरकारकडून फुकट मिळालेल्या वकीलबाईंकडेही मीच घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "उपचाराचे पैसे कुठलंही हॉस्पिटल तुझ्याकडे मागू शकत नाही. भरपाईचा अर्ज आत्ताच करायचा, निकालाची वाट बघत बसायचं नाही. ती भीक नाही, तुझा हक्क आहे. आणि तुझं नाव बाहेर येणार नाही. जो बाहेर काढेल, तो गुन्हेगार." मी मान डोलावत होते. मी!

माझं माहेर खारी गावचं, इथून जवळच. पुढच्या रविवारी गेले होते. भावजय, काकी, शेजारच्या दोघी—वाल सोलत बसलो होतो. त्या घरात माझं बोलणं कुणी फारसं ऐकत नाही. मी सांगायला लागले की कुणीतरी उठून चहा ठेवतं. भावजयीने सहज विचारलं, "तुमच्याकडची ती वरची पोर, हाताला प्लास्टर हाय ती—पडली का काय?"

हो म्हणायचं होतं. पडली. एवढंच. ते खोटंही नव्हतं.

मी मेघाचं नाव घेतलं. मग दवाखाना सांगितला. मग—सोलणारे हात थांबले. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. काकी म्हणाली, "मंग? पुढं काय झालं गो?" आणि मी पुढचं सांगितलं. तिने जसं सांगितलं होतं तसं, आवाज बारीक करून, मध्येच थांबून. सांगण्यासारखं सगळं संपलं तरी त्या बघतच होत्या. म्हणून मी पदरचं घातलं, "तसा तो तिला कधीमधी गाडीवरून घरी सोडायचा म्हणा."

खोटं. साफ खोटं. कशासाठी? मेघाचा राग होता का मला? नव्हता. त्या चौघींनी अजून जरा वेळ माझ्याकडे बघत राहावं, एवढ्यासाठी. त्या दुपारी मी दोनदा भात घेऊन जेवले, हेही आठवतं.

खारीहून ती गोष्ट पेणकरपाड्यात यायला काय वेळ लागतो? किराणावाला मेघाच्या आईला विचारायला लागला, "भाभी, बेटी ठीक है ना अब?"—आणि दुकानातली माणसं वळून बघायची. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली. कोर्टात डॉक्टरच्या वकिलाने मेघाला विचारलं, ती त्याच्या गाडीवरून घरी यायची का. बंद खोलीत चाललेल्या केसमध्ये—माझं वाक्य!

त्या दिवशी ती कोर्टातून थेट माझ्याकडे आली. "मावशी, मी असं कधी बोललेच नाही. माझं नाव, ही गाडीची गोष्ट, सगळं पोलीस ठाण्यातल्या त्या बाईनेच बाहेर फोडलंय. अजून कुणाला माहीत होतं?"

अजून कुणाला! मी तिच्या समोर बसले होते. हातात तिचाच ब्लाउज होता, हुक लावायचे राहिले होते.

मी म्हणाले, "हो गं. वर्दीतल्या माणसांचा काय भरवसा."

मेघाने तक्रार केली. त्या पोलीसबाईची चौकशी लागली, मग तिची लांब कुठेतरी बदली झाली. निघण्याआधी ती मला भाईंदरला मासळी बाजारात दिसली. मी तोंड फिरवलं, तरी ती जवळ आली. काही जाब विचारला नाही. फक्त म्हणाली, "मेघा बरी आहे ना?" मी बरी आहे म्हटलं आणि पापलेटाचा भाव विचारायला वळले.

डॉक्टरला शिक्षा झाली. मेघाला भरपाई मिळाली, तिने पुढचं शिक्षण घेतलं. आता विरारला राहते. मनगट थंडीत दुखतं म्हणते. तिकडे राहावं का लागलं, ते मला माहीत आहे. दिवाळीला न चुकता येते, माझ्या पाया पडते. मी पडू देते. पाय मागे घेत नाही—किळस येते मला त्या पायांची, पण मागे घेत नाही.

गेल्या महिन्यात ती एका मुलीला घेऊन आली. तिच्या ऑफिसातली, विशीतली, मान खाली घातलेली. मेघा तिला म्हणाली, "बोल, घाबरू नकोस. मावशींकडे सांगितलेलं बाहेर जात नाही."

मी मशीन बंद केलं. दार लोटलं. ती मुलगी हळूहळू बोलायला लागली.

मी खुर्ची पुढे ओढून बसले. आणि ऐकताना मला गोडी वाटत होती.