बिनधुराची शेगडी

समोरच्या रामदासने लाथ मारून दार उघडलं, तेव्हा गिरजाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि हाक मारली तरी मान उचलत नव्हती. बाजेवर तिची बाळंतीण लेक वंदना, कुशीत नऊ दिवसांची पोर. दोघी निपचित. बाजेखाली कोळशाची शेगडी लालभडक. धुराचा मागमूस नाही. आम्ही आधी पोरीला अंगणात आणलं, मग वंदनाला, शेवटी गिरजाबाईला.

राजूरला आमच्या ओळीत गिरजाबाईइतकी शेगडी कोणाला कळत नव्हती. घरोघरी गॅस आला, तरी हिची जुन्या बादलीची शेगडी सुटली नाही. आतली लोखंडी जाळी ती स्वतः बसवायची, दोन सळयांत बोटभर फट ठेवून. त्याच शेगडीवर आंघोळीचं पाणी, भरताचं वांगं, पावसाळ्यात पोरांचे कपडे वाळवणं. भाकर तर तिथेच. "गॅसवर भाकर शिजते वं, फुगते कुठं?"

कोणाची शेगडी धुमसली की न बोलावता यायची, सळईने खालून राख पाडायची. "जाळी बुजली ना वं राखेनं! खालून हवा नाही भेटली तर ते कायले पेटन? तूच पेट आता!" जीभ अशी. मला ती निम्म्या वेळा आवडत नसे.

नियम एकच. धूर असेपर्यंत शेगडी उंबऱ्याच्या आत आणायची नाही. "धूर गेला का शेगडी गाय झाली. मंग बाजेखाली ठेवा." ओळीतल्या सगळ्या बाळंतिणी अशाच शेकल्या. फटींच्या घरांत ते निभावलं. गिरजाबाईने मात्र लेकीसाठी खोली नवी बांधली होती, सिमेंटची, एका खिडकीची.

त्या सकाळी गार वारा होता. ती म्हणाली, "शांते, खिडकीत गोधडी कोंब वं. पोरीले वारा लागून राह्यला." मी कोंबली, चांगली घट्ट. माझ्यामागे तिने कडी लावली. दुपारी मी डबा घेऊन गेले, तर आतून कोणी ओ देईना.

वणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, लाल कोळशाच्या विषाला धूर नसतो, वासही नसतो. गोधडी कोणी कोंबली, हे पोलिसांनी विचारलं, पाहुण्यांनी विचारलं. मी, मी, मी. सांगून सांगून थकले.

तिसऱ्या दिवशी वंदना बोलली. "मावशी, माय कुठं हाय?" बाकीच्यांनी तोंडं फिरवली, म्हणून मी सांगितलं. गिरजाबाई अंगणातच गेली. वंदना आणि पोर जगल्या.