खाली दोऱ्याचा गुंता होतो

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींची एक सवय होती. दुकानात मशीन आलं की ते लगेच त्याला हात लावत नसत. आधी पुठ्ठ्याची एक चिठ्ठी घेत आणि गिऱ्हाईक जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवत. स्वतःचं निदान त्या चिठ्ठीवर कधी नसे. 'खाली दोऱ्याचा गुंता होतो', 'टाके सोडत जातं', 'जाड कापड दिसलं की रडतं', 'सासूबाईंच्या हाताखाली नीट चालतं, माझ्या नाही', जे असेल ते. चिठ्ठी मशीनला बांधायची, काम झालं की तीच मोठ्याने वाचायची आणि विचारायचं, आता होतंय का असं? गिऱ्हाईक नाही म्हणालं की चिठ्ठी सोडून मागच्या भिंतीवरच्या तारेत ओवायची. एकतीस वर्षांत अशा चौदा तारा भरल्या होत्या. बायको म्हणायची, इतरांच्या भिंतीवर घरच्यांचे फोटो असतात, ह्यांच्या भिंतीवर परक्यांची रडगाणी.

दोन वर्षांपूर्वी बसथांबा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला हलला आणि दुकानासमोरची वर्दळ आटली. जुनी गिऱ्हाइकं वयानं थकली, नव्यांना इथे असं दुकान आहे हेच माहीत नव्हतं. आठवड्याला दोन मशीनं आली तरी खूप, अशी वेळ आली. तेवढ्यात नवीन मशीनं विकणाऱ्या मोठ्या शोरूमच्या मालकांचा निरोप आला: दुकान बंद करा, आमच्याकडे दुरुस्तीला या, पगार ठरलेला, उत्तर महिनाअखेरपर्यंत द्या. नोकरी वाईट नव्हती. पण तिथे दुरुस्तीला आलेल्या माणसाला गोड बोलून नवीन मशीन घ्यायला लावतात, हे मिस्त्रींनी ऐकलं होतं. ज्या मशीनमध्ये अजून वीस वर्षांचा जीव आहे त्याला मेलं म्हणायचं, हे त्यांच्या जिवावर येत होतं.

सून एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. ती म्हणाली, महिना हातात आहे ना, मग एक प्रयत्न करू. तिने दुकानाची छोटीशी वेबसाइट केली: पत्ता, फोन, आणि मिस्त्रींचा एक फोटो, ज्यात ते कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. मग जाहिरात. कुणी इंटरनेटवर 'शिलाई मशीन' असं शोधलं की वरच्या बाजूला आपलं नाव दिसेल. नुसतं दिसण्याचे पैसे नाहीत. त्यावर बोट लावून कुणी आपल्या पानावर आलं, तरच कापले जातात. रोजची मर्यादा तिने घालून दिली, सुयांच्या पाच पाकिटांच्या किमतीएवढी. ती संपली की जाहिरात त्या दिवसापुरती बंद.

मिस्त्रींनी सगळं ऐकलं, पण त्यातलं 'बोट लावून' एवढंच त्यांच्या मनात बसलं.

नऊ दिवस गेले. फोन वाजला नाही. सून रोज हिशेब बघायची आणि बुचकळ्यात पडायची, कारण सकाळी साडेदहाच्या आतच मर्यादा संपलेली असायची. लोक येत होते, पण फोन कुणीच करत नव्हतं. दहाव्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन बाहेर आली, तर सासरे फोनवर कुणाला तरी सांगत होते, "हो हो, मी उठल्या उठल्या लावलं. तुमचं झालं का? आणि विहीणबाईंना आठवण करून द्या, काल त्यांचं राहिलं."

सुनेने कप खाली ठेवला. "बाबा, काय लावलं?"

"बोट. जाहिरातीला." मिस्त्री समाधानाने म्हणाले. "मेहुणे लावतात, माझी बहीण लावते, तुझे आईवडील तर दोन दोन वेळा लावतात. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. तेवढाच दुकानाला हातभार."

सून खुर्चीत बसली. स्वतःचे आईवडील यात आहेत हे कळल्यावर तिला ओरडताही येईना. तिने पुन्हा एकदा समजावून सांगितलं. मिस्त्रींचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे आपल्याच माणसांनी नऊ दिवस..."

"प्रेमाने," सून म्हणाली, "पण हो."

आतून बायकोचा आवाज आला, की मग विहीणबाईंचं काल राहिलं त्याबद्दल त्यांचे आभार माना.

नातेवाइकांना थांबवलं. एका आत्याला राग आला, आमचं बोट नको झालं का म्हणाली. तीन दिवसांत खरे फोन आले, ते दोन. एकाला नवीन मशीन केवढ्याला ते हवं होतं, दुसऱ्याला शाळेच्या वहीत चिकटवायला मशीनचं चित्र. सुनेने सांगितलं की 'शिलाई मशीन' या शब्दावर मोठे दुकानदार बोली लावून बसलेत. म्हणून तिथे एकेका क्लिकला अर्धं पाकीट जातं, आणि येतो तो नवीन घेणारा. आपल्याला असे शब्द हवेत जे मोठ्यांना नकोत. म्हणून ते स्वस्त असतात.

"बाबा, ज्याचं मशीन बिघडलंय तो माणूस नक्की काय शब्द बोलतो?"

मिस्त्री उठले. दुकानात गेले आणि खिळ्यावरून एक तार उतरवून घेऊन आले. मग दुसरी. मग सगळ्या.

दोन दिवस घरात चिठ्ठ्यांचा पसारा होता. एकतीस वर्षं नाक मुरडणारी बायको चष्मा लावून मोठ्याने वाचत होती, सून टाइप करत होती. 'सुई सारखी तुटते.' 'पाय दुखेपर्यंत दाबलं तरी जड चालतं.' 'दोरा वरून तुटतो, खालून नाही.' साठ वाक्यं निवडली. 'नवीन', 'किंमत' आणि 'चित्र' हे शब्द शोधणाऱ्यांना जाहिरात दाखवायची नाही असं ठरवलं. जाहिरात फक्त आपल्या गावापुरती, आणि दुकान उघडं असेल तेवढ्याच वेळात.

वेबसाइटवर मुख्य तक्रारींना एकेक पान दिलं, मथळा चिठ्ठीवरच्याच शब्दांत. खाली काय लिहायचं ते मिस्त्रींनी सांगितलं: आधी सुई उलटी लागली आहे का बघा, बॉबिनखालचा कचरा ब्रशने काढा, तरीही होत असेल तर आणा. सून म्हणाली, घरीच सुटलं तर ते कशाला येतील? मिस्त्री म्हणाले, "घरी सुटणार असेल तर त्या बाईला एवढं वजन का उचलायला लावायचं?" तिने ते तसंच लिहिलं.

आता एका क्लिकला एक सुई पडू लागली. मात्र बोटं फार लागत नव्हती, दिवसाला सहा-सात. पहिले तीन दिवस शांततेत गेले. मिस्त्रींनी शोरूमला जायचा शर्ट इस्त्री करून ठेवला.

चौथ्या दिवशी एक बाई रिक्षातून मशीन घेऊन उतरल्या. शाळेचे गणवेश शिवून देणाऱ्या. दम लागलेला असतानाच म्हणाल्या, "खाली दोऱ्याचा गुंता होतो. सुई बघितली, उलटी नव्हती. कचरा पण काढला. तरी होतो."

मिस्त्रींनी चिठ्ठीला हात घातला. बाईंचे शब्द त्यांनी तसेच्या तसे उतरवले, अगदी 'तरी होतो'पर्यंत.

महिना संपता संपता दुकानात अकरा मशीनं रांगेत होती, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. मिस्त्री तोच शर्ट घालून शोरूममध्ये गेले आणि मालकांना नमस्कार करून, आभार मानून नाही म्हणाले. मालक मनाने चांगले. त्यांनी चहा मागवला आणि हसत विचारलं, जाहिरातीत आमच्यापुढे किती दिवस टिकाल? मिस्त्री म्हणाले, "तुमच्या शब्दाला मी हातच लावत नाही, साहेब."

परत येताना ते वेगळ्या गल्लीत वळले. सुनेने दाखवलं होतं की सगळ्यात जास्त माणसं एकाच वाक्यावरून येतात: 'खाली दोऱ्याचा गुंता होतो'. त्या वाक्याची पहिली चिठ्ठी पहिल्याच तारेत होती, मागे तारीख आणि 'ब्लाउज शिवणाऱ्या मावशी' अशी खूण. सुनेचे आभार त्यांना समोरासमोर मानता आले नव्हते. तिच्या बॅगेची अडकणारी चेन मात्र त्यांनी न सांगता नवीन बसवली होती, आणि ती काय ते समजली होती. मावशींना तर तोंडानेच सांगायला हवं होतं.

मावशी आता पंच्याहत्तरीच्या, खिडकीपाशी मशीनवर बसलेल्या. मिस्त्रींनी सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाले, तुमच्या एका वाक्यावर माझं दुकान उभं आहे.

मावशींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "मग त्या वेळी माझ्याकडून दुरुस्तीचे पैसे कशाला घेतलेत?"

मिस्त्रींना हसू आवरेना. हे मशीन तरी नीट चालतंय ना, असं त्यांनी विचारलं.

"चालतं. पण हल्ली मध्येच थबकतं, विसरल्यासारखं. मग मी जरा थोपटलं की पुढे निघतं."

"थांबा, थांबा," म्हणत मिस्त्रींनी शर्टाच्या खिशातून पुठ्ठ्याची चिठ्ठी काढली आणि खिडकीच्या कट्ट्यावर टेकवली. "विसरल्यासारखं, पुढे काय म्हणालात?"