पत्रिकेतल्या मुंग्या

"हात लावू नको! लावू नको म्हणतोय ना! तुझ्या मोबाइलात शिरंल ते!"

अण्णा, म्हणजे माझे वडील, कॉम्प्युटरसमोरून उठून भिंतीला टेकले होते आणि हातातल्या फूटपट्टीनं मला उंबऱ्यातच अडवत होते. आवाज असा, की गुलमंडीच्या बाजारातल्या कापडवाल्यानं कात्री मधेच थांबवली असेल. आमचं घर गुलमंडीपासून चांगलं लांब आहे. तरीही थांबवली असेल.

"पण झालं काय?"

"व्हायरस! सगळी अक्षरं खाल्ली. मुंग्या झाल्यात नुसत्या, वळवळ वळवळ." मी पुढं काही विचारायच्या आत त्यांनी भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं. तो वायरीतून फ्रिजमध्ये जाऊ नये म्हणून.

फ्रिजचं मी माझ्या पदरचं घातलं असं वाटेल. नाही. आईनं खरोखर फ्रिजची पिन काढून ठेवली आणि संध्याकाळपर्यंत दूध नासलं. नासलेल्या दुधाकडं बोट दाखवून अण्णा म्हणाले, "बघ. म्हणलो नव्हतो?"

अण्णा जन्मभर लग्नपत्रिका जुळवत आले. आधी छापखान्यात शिशाचे खिळे, नंतर घरी कॉम्प्युटर. अजिंठ्यापासून वेरूळपर्यंत असा नवरदेव सापडायचा नाही, ज्याच्या नावामागचं 'चि.' अण्णांच्या बोटांखालून गेलेलं नाही. त्यांची एक वेलांटी चुकली असती तर निम्मा मराठवाडा बिनलग्नाचा राहिला असता. ती चुकायची नाही, कारण ते प्रूफ डोळ्यानं नाही, पट्टीनं वाचत. ओळीखाली फूटपट्टी धरायची, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायचं, मग पट्टी खाली सरकवायची, आणि शेवटाला पोचलं की पुन्हा पहिल्यापासून. एकदा छापायला गेलेल्या पत्रिकेत मामांच्या नावातला काना राहिल्याचं आठवलं, तर त्यांनी छापखान्याच्या टेम्पोला रिक्षा आडवी घातली. म्हणजे, रिक्षा मी सांगतो. ती सायकल होती.

माझ्याबद्दल त्यांचं मत सगळ्या नात्यात ठाऊक आहे. "ह्याचं बोलणं ऐकावं, पण रुपयातले बारा आणे कापून ऐकावं." पाहुण्यांसमोर मी तोंड उघडलं की ते नुसती दोन बोटं कात्रीसारखी हलवायचे. पाहुणे हसायचे, आणि मी उरलेल्या चार आण्यांत माझी गोष्ट पुढं रेटायचो.

आता पत्रिका मोबाइलवर येतात, नाचऱ्या गणपतीसकट. अण्णांकडं कामच राहिलं नव्हतं. राहिली होती एकच पत्रिका, नातीची. माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "हिची पत्रिका मी जुळवणार. कागदावर. पहिली घृष्णेश्वरापुढं ठेवायची, मग तुमी मोबाइलात काय नाचवायचं ते नाचवा." बहीण सोमवारी पत्रिका घेऊन वेरूळला जाणार होती. आणि इकडं अक्षरांना मुंग्या लागल्या.

अण्णांच्या म्हणण्यावर कुणाला शंका आली नाही, कारण घरात हे दुखणं जुनं होतं. त्यांचे मराठी फाँट आदिलशाहीच्या काळातले. फाँट जरा हलला की सगळं मराठी जाऊन तिथं डॉलर, टक्के आणि कंस यांचा चिवडा दिसायचा. तसा चिवडा मागं एकदा झाला होता. तेव्हापासून अक्षर बिघडलं की आमच्याकडं एकच निदान. व्हायरस.

त्यात तो नळाला पाणी यायचा दिवस. आमच्या शहरात वार कॅलेंडरवरून नाही, नळावरून मोजतात. आई पिंप, बादल्या, पातेली, जमलं असतं तर चमचेसुद्धा भरून ठेवत होती. घरातला एकमेव तज्ज्ञ म्हणून कॉम्प्युटर माझ्याकडं आला. माझी तज्ज्ञता एवढीच, की एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता काढला होता.

मी मशीन चालू केलं, इंटरनेटची वायर उपटली आणि तपासणी लावली. हिरवी पट्टी गोगलगाईलाही लाज वाटेल अशी सरकू लागली. अण्णा मागं येरझाऱ्या घालत होते.

"त्या अजिंठ्याच्या पार्टीनं मागं पेनड्राइव्ह दिला होता. त्यातूनच आलं."

"असेल."

"असंल काय? त्यातूनच आलं!"

मग आईनं तो पेनड्राइव्ह चिमट्यात धरून गच्चीवर नेला आणि उन्हात ठेवला. पापडाशेजारी.

"सापडला का?" अण्णा दर दोन फेऱ्यांनी विचारत.

"वास लागलाय, अण्णा."

"सोमवार तोंडावर हाय, बाबा. घाई कर."

हिरवी पट्टी शेवटी टोकाला पोचली. खाली बारीक इंग्रजीत उमटलं, की या यंत्रात काहीही सापडलं नाही. पण दिवसभर खपून 'काही नाही' असं सांगणं माझ्या स्वभावात बसत नाही. मी खुर्चीवरूनच ओरडलो, "मारला! घोरपडीएवढा होता. खालच्या डब्यात चिकटून बसला होता."

अण्णांनी कात्रीची दोन बोटं हलवली, पण चेहरा उजळला. मी ऐटीत पत्रिका उघडली. वर गणपती, खाली श्रीकृपेकरून, मग नातीचं नाव, मग दोन्ही घरची माणसं. अक्षर न् अक्षर जागेवर, नुकतं न्हाऊन बसल्यासारखं.

"बघा."

अण्णा वाकले. चष्मा वर केला, खाली केला. "कुठं मारला? तशाच हायेत की मुंग्या."

मला वाटलं, आज बापानं डाव साधला. जन्मभर माझ्या थापा ऐकल्या, आता एक परत करतोय. मी मोठ्यानं हसलो. ते हसले नाहीत. गर्दीच्या स्टँडवर आपलं माणूस शोधावं तशी त्यांची नजर त्या अक्षरांवरून फिरत होती, आणि त्यांना कुणी भेटत नव्हतं.

"अण्णा, तुम्ही टाइप करा. नातीचं नाव."

ते बसले. बोटं नेहमीसारखी पळाली. नाव उमटलं, बापाचं नाव उमटलं, गाव उमटलं. एक काना इकडचा तिकडं नाही. त्यांनी मान वर केली आणि हात कीबोर्डवरून काढून घेतला.

"बघ. लिहितोय तेबी खातंय."

इथून पुढचं मला वाढवून सांगता येत नाही. मी प्रयत्न केलेला आहे.

दारात आई उभी होती, पदर भिजलेला, हातात रिकामी कळशी. "पेपरबी हातात घेईनात इतक्यात," ती हळूच म्हणाली. "नंबर बदललाय म्हणले चष्म्याचा. मागच्या पाण्याच्या दिवशी मोरीत चक्कर आली होती. तुला सांगू नको म्हणले."

"कामून सांगायचं? पोरगं गावभर करतंय," अण्णा स्क्रीनकडं बघत म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून डोक्याच्या मागच्या बाजूचा एक डाग दाखवला. रक्ताची गुठळी अडकून गेली होती. लिहिणं शाबूत आहे, बोलणं शाबूत आहे, वाचणं तेवढं गेलंय. असं होतं कधी कधी. थोडं परत येईल, कदाचित येणारही नाही. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हंजे कॉम्प्युटरला काय नाय झालेलं?"

"काही नाही, काका."

 घरी येताना रिक्षात मी तीन किस्से सांगितले, तिन्ही खोटे. त्यांनी बोटं हलवली नाहीत.

सोमवार कुणासाठी थांबणार नव्हता. छापखान्यात द्यायच्या आधी प्रूफ वाचायला हवं होतं, आणि बहीण म्हणाली, ते अण्णांसमोरच वाचायचं. अण्णा आणि मी कॉम्प्युटरपाशी बसलो. एक प्रत त्यांच्या मांडीवर, एक माझ्या हातात. त्यांनी सवयीनं फूटपट्टी पहिल्या ओळीखाली धरली.

मी वाचू लागलो. एकेक अक्षर, त्यांच्यासारखं. आयुष्यात इतकं कोरडं मी कधी वाचलं नसेल. आपल्या पदरचा एक स्वल्पविरामसुद्धा घातला नाही. ते माझ्या आवाजाच्या अंदाजानं पट्टी सरकवत होते. मी नातीच्या नावावर होतो तेव्हा ती दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेवर थांबली होती. मी मध्येच आजोबा म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव वाचलं असतं, तरी पट्टी तशीच पुढं गेली असती. ज्या माणसानं माझ्या एका वाक्यावर पुरता विश्वास ठेवला नाही, त्याला आता सगळी पत्रिका माझ्याच तोंडून घ्यायची होती, आणि कापायला कात्री उरली नव्हती.

शेवटच्या ओळीपर्यंत आलो. रिवाजाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"बरोबर आहे ना, अण्णा?"

त्यांनी पट्टी कागदावरून उचलून बाजूला ठेवली.

"तू म्हणतोस तर असंल."