काढून ठेव, काढून टाक

माझ्या फजित्यांचा डंका मी स्वतःच पिटत फिरतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तळेगावात दुसऱ्याच लग्नाच्या मांडवात जेवून, वर आहेर देऊन आलो, तो किस्सा माझ्याच तोंडून ऐकलाय तुम्ही. पण एक फजिती मी कधी माझी म्हणून सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही. ती मी दुसऱ्याच्या नावावर खपवली, आणि वर हशा वसूल केला.

आमच्या ऑफिसात टेबलावर नुसता संगणकाचा पडदा आणि कीबोर्ड. खरं यंत्र मागच्या खोलीत, एकच, सगळ्यांचं सामाईक. कोणत्याही खुर्चीवर बसा, आपलं नाव टाका, की आपलाच पडदा समोर येतो — पंगतीत कुठंही बसलं तरी आपल्याच आवडीचं ताट वाढून यावं, तसं. ही आवड ज्यात साठते ते प्रोफाइल. ती सांभाळायला मला ठेवलेलं.

आमच्या ऑफिसातल्या टायपिस्ट नंदाताई रोहणा गावाहून यायच्या. एका डोळ्यानं अधू. काळ्या पडद्यावर पिवळी, ही एवढाली अक्षरं त्यांनी स्वतःच जमवली होती. दोन अक्षरं दाबली की नेहमीचं अख्खं वाक्य उमटायचं. “ताई, पत्र लिहून राह्यल्या का बॅनर छापून राह्यल्या?” असं मी चिडवायचो. त्या हसायच्या. पण टायपिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हेडक्लार्कची जागा त्यांनाच मिळणार, हे सगळे धरून चालले होते.

मग नवं यंत्र आलं. साहेबांचा फोन — “मंगेश, जुनं पुसाच्या आधी सगळ्याइचे प्रोफाइल काढून ठेवजो.” मी नाचणगावात, मेव्हण्याच्या शेतात, गोवऱ्यांवर भाजत ठेवलेल्या रोडग्यांची वाट पाहत बसलेला. मी ऐकलं — काढून टाक. दुसऱ्या दिवशी, रविवारी, जाऊन टाकली काढून. खरंच तसं ऐकलं होतं का? की ठेवायला अख्खी दुपार जाते आणि टाकायला एक चहा, म्हणून तसं ऐकून घेतलं? नक्की आठवत नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. आठवतं. ठेवजो, असंच म्हणाले होते.

सोमवारी गहजब. कोणाचा पडद्यावरचा पोरीचा फोटो गेला, कोणाची छपाईची बसवलेली मांडणी बिघडली. साहेब लाल. मी म्हणालो, “मी काढून ठेवाच्या आधीच कोणंतरी भलतंच बटन दाबलेलं दिसते जी.” नाव घेतलं नाही — एवढा मी सभ्य! नजर मात्र नंदाताईंच्या खुर्चीकडे नेली. बाकीच्यांच्या माना आपोआप वळल्या. त्या पांढऱ्याफटक पडल्या. “शनिवारी शेवटी मीच होती,” त्या म्हणाल्या. “माह्याच हातानं झालं असंन.”

एकाच्या बटनानं सगळ्यांची प्रोफाइल उडत नाहीत. हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं.

पुन्हा स्वतः काही बदलायची त्यांना धास्ती; त्या आठवड्यात त्यांनी हळूच विचारलं, “मंगेशभाऊ, माहे मोठे अक्षर परत आणून देता का?” चहा थंड व्हायच्या आत झालं असतं. पण शेजारी बसलो असतो तर त्यांनी विचारलं असतं — कोणतं बटन होतं? मी म्हणालो, आता नाही होत ते, ताई.

बारीक अक्षरांवर त्या डोळे ताणून पाहत राहिल्या, चुकत राहिल्या. पुढं पुढं तर कीबोर्डला हात लावायच्या आधी आजूबाजूला बघायच्या. शेवटी स्वतःच साहेबांकडे जाऊन जावक विभाग मागून घेतला — लिफाफे, डिंक, शिक्के. हेडक्लार्क दुसराच झाला. आणि मी? मी ‘ताईचं बटन’ नावाचा किस्सा रचला. नवा माणूस आला की चहाबरोबर तो ठरलेलाच. त्यांच्यादेखतही सांगितला. त्याही हसायच्या.

गेल्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपाला बोलायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माह्यामुळं तुमचं सगळ्याइचं उडालं होतं, मंगेशभाऊले त्रास झाला. तरी त्याइनं माह्यं नाव नाई घेतलं साहेबापाशी. मले माफ करजा.” लोक हसले. कोणीतरी ओरडलं, “मंगेश, सांग ना तो किस्सा!”

मी उठलो. आणि सांगितला.