कुंकवाचं ताट

माझा भाऊ सीमेवरच्या लढाईत गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. मला दिलेलीही गावातच, आणि गावच्याच शाळेत मी मराठी शिकवते. आवाज खणखणीत, म्हणून दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर माझं भाषण ठरलेलं. समोरच्या खुर्चीत वहिनी, मांडीवर सत्काराची शाल आणि नारळ. तिच्याकडे हात करून मी म्हणायची, "काही युद्धं चांगली असतात, कारण ती न्यायासाठी लढली जातात." टाळ्या पडायच्या. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? लढाई चांगली नव्हती म्हटलं तर भाऊ फुकट गेला असं झालं असतं, आणि तेवढं सोसायची माझी ताकद नव्हती.

मग एका उन्हाळ्यात सीमेवर पुन्हा पेटलं. वसमतहून परतताना वहिनी आणि मी वारंगा फाट्यावर गाडीची वाट बघत उभ्या होतो. हॉटेलवाल्याने टीव्हीचा आवाज वाढवलेला, फटाके फुटत होते. जन्मात तालुक्याबाहेर न गेलेले लोक चहा पिता पिता शत्रूची राजधानी घेऊन परत येत होते. एकाने आमच्या हातावर पेढे ठेवले. वहिनीने तिचा पेढा पदराच्या टोकाला बांधला.

"ताई, तिकडंबी एखादी बाई अशीच उभी असंल ना?" तिने विचारलं.

"कुरापत त्यांनीच काढली, वैनी," मी म्हटलं. मास्तरणीकडे उत्तर तयारच असतं. घरी आल्यावर वहिनीने पेढा कुत्र्याला घातला.

पुढच्या सव्वीस जानेवारीला मी तेच भाषण जरा जास्तच जोरात केलं. संक्रांतीचे दिवस असल्यामुळे भाषणांनंतर आमच्या शाळेत पालक बायकांचं हळदी-कुंकू असतं. ताट माझ्या हातात होतं. हळदीची काढणी त्या वर्षी लवकर लागली होती, वहिनी सकाळी रानात दोन तास काढून आलेली, हात मनगटापर्यंत पिवळे. मी एकेकीला हळद-कुंकू लावत तिच्यापाशी आले आणि पुढच्या बाईकडे वळले. कुणी सांगितलं नव्हतं. दरवर्षी असंच करायची, आणि वहिनीसोबत माहेरच्या घरी येईपर्यंत त्यात काही चुकलंय हे मला कळलंही नाही.

वहिनी शाल पेटीत ठेवत होती. आधीच्या सगळ्या शाली तिथेच, घडीही न मोडलेल्या.

"ताई, लढाई चांगली व्हती म्हनून तुमी दरसाली सांगून राहिल्या," ती पेटीतच बघत म्हणाली. "मंग त्या चांगल्या लढाईनं मला वाईट काहून केलं? रानातली हळद माह्या हातानं निघालेली चालती, अन् कपाळाला चालत न्हाई?"

मला माझ्या त्या खणखणीत आवाजाची किळस आली. घर पेटलं तर विझवावंच लागतं, हे मला आजही मान्य आहे. भाऊ तेच करायला गेला होता. पण म्हणून आगीला कुणी चांगली म्हणत नाही, आणि मी वर्षानुवर्षं माइकवरून नेमकं तेच म्हणत आले होते, तेही जी भाजली तिला समोर बसवून.

यंदा मुख्याध्यापकांनी भाषणाचं विचारलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. ताट मात्र मागून घेतलं आणि सगळ्यांत आधी वहिनीपाशी गेले. कुंकवाचं बोट तिच्या कपाळाकडे नेलं, तशा शेजारच्या दोघी खुर्च्या सरकवून उठल्या. वहिनीने माझं मनगट धरून हात हळूच खाली घेतला.

"ऱ्हाऊ द्या, ताई," ती म्हणाली. "माह्यापायी अजून एक लढाई नगं."

ही एक लढाई खरंच चांगली होती. चांगल्या युद्धांवर इतकी वर्षं बोललेली मी, ताट घेऊन पुढच्या बाईकडे गेले.