मागची चूक

माझी आत्या साप्ताहिकात विज्ञानावर लिहायची. तेव्हा विज्ञान म्हणजे मास्तरांनी छडी मारून शिकवायची गोष्ट, असाच लोकांचा समज होता. आत्या लिहायची आंबलेल्या पिठावर, काजळीवर, डासाच्या सोंडेवर. लेख आधी स्वयंपाकघरात माझ्या आईला वाचून दाखवायची. आईला जांभई आली की तो परिच्छेद गेलाच म्हणून समजा!

लेखाच्या डोक्यावर एक चौकट असायची, 'मागची चूक'. गेल्या खेपेला काय चुकलं ते आत्या स्वतःच छापायची. संपादक कुरकुरायचे, पण ती बधायची नाही.

मग माझा थोरला भाऊ विषमज्वराने गेला. घरात आम्ही पाणी उकळूनच प्यायचो, पण शाळेच्या नळाचं कोण उकळणार? "लिहून पाणी शुद्ध होत नाही," आत्या म्हणाली आणि नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली. वर्षभरात पाणी शुद्ध करण्याचं केंद्र उभारीन, एवढंच तिचं वचन. आई रडवेली होऊन म्हणाली, "वन्सं, हे तुमच्याच्याने व्हायचं नाही."

शेवटची सभा सगळ्या उमेदवारांची एकत्र होती. विरोधी उमेदवार वकील. त्यांनी आत्याच्या चौकटी एकामागून एक वाचून दाखवल्या. "ज्यांना वटवाघूळ पक्षी वाटतं, त्यांच्या हाती तुमचं पाणी देणार?" मैदान खो खो हसलं.

आत्या उठली. "वकीलसाहेब, एक राहिली. वर्षभरात केंद्र होईल, असं मी सांगत आलेय. आज इंजिनिअरना नीट विचारलं. तीन वर्षं लागतील. चुकलं माझं."

आमच्या कार्यकर्त्यांनी कपाळावर हात मारला. मलाही तिचा भयंकर राग आला. पायावर धोंडा मारून घ्यायचाच होता, तर निदान मतदान होईपर्यंत थांबायचं!

तेवढ्यात मागून आमचे न्हावीकाका ओरडले, "वकीलसाहेब, आता तुमची एखादी सांगा की!"

वकिलांनी घसा खाकरला आणि पाणी मागितलं.

"उकळून द्या रे!" कुणीतरी म्हणालं, आणि आता मैदान त्यांना हसलं.

आत्या निवडून आली, अगदी काठावर. नंतर मंजुऱ्यांसाठी तिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. अखेर केंद्र झालं. आईने नळाखाली पेला धरला, न उकळता पाणी प्यायली आणि तिथेच बसून रडली.

त्या आठवड्याची चौकट आत्याने तिला नेहमीसारखी वाचून दाखवली. "मागची चूक : तीन वर्षं म्हटलं होतं, चार लागली."

आई डोळे पुसत म्हणाली, "त्याखाली माझीही एक घाला, वन्सं. तुमच्याच्याने व्हायचं नाही, म्हटलं होतं मी."